झडीच्या दिवसांत टॉवेलांना लागलेली बुरशी ब्लीचशिवाय कशी काढावी?

झाडीपट्टी:
नमस्कार. आमचे गाव साकोली तालुक्यात आहे. झड लागल्यामुळे आठवडाभर ऊन पडले नाही आणि न्हाणीच्या दारामागे खिळ्याला टांगलेल्या चार सुती टॉवेलांच्या काठांवर मोहरीएवढे काळे ठिपके पडले. साबणाने दोनदा धुतले. वाळल्यावर वास जाणवत नाही, परंतु अंग पुसताना टॉवेल ओला झाला की तोच कुबट वास पुन्हा येतो. घरात सात महिन्यांचे बाळ असल्याने ब्लीच वापरण्याची माझी तयारी नाही. अशा टॉवेलाने नायटा होतो, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. ते खरे आहे काय?

खारपाणपट्टा:
वास परत येतो, याचा अर्थ बुरशी धाग्यांत शिल्लक आहे. टॉवेल आधी अंगणात कोरडेच झटकावेत, म्हणजे बुरशीची भुकटी घरात पडणार नाही. मग अर्धी बादली कढत पाण्यात एक कप पांढरे व्हिनेगर घालून ते तासभर भिजवावेत, पिळावेत आणि नंतर अर्धी वाटी खाण्याचा सोडा घातलेल्या वेगळ्या गरम पाण्यात धुवावेत. दोन्ही एकाच बादलीत ओतू नयेत. मी पहिल्यांदा तसेच केले होते. फेस भरपूर आला, पण आम्ल आणि सोडा एकमेकांतच जिरून गेले. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचे पाणी जड आहे. अशा पाण्यात साबण फुटून त्याचा चिकट थर धाग्यांत बसतो आणि तो थरच बुरशीला पोसतो. म्हणून मी साबण निम्माच वापरते आणि शेवटचे खळबळणे पागोळीखाली साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करते.

शिवणकाम:
वास गेला तरी ठिपके राहू शकतात, कारण मेलेल्या बुरशीचा रंग धाग्यात उतरलेला असतो. टॉवेल पांढरे असतील तर धुण्याचा सोडा घालून पंधरावीस मिनिटे उकळावेत, आणि डागांवर लिंबूमीठ चोळून ऊन पडेल त्या दिवशी वाळवावेत. रंगीत टॉवेलाचा आधी एक कोपरा तपासावा, कारण लिंबाने रंग विटतो.

नायट्याची बुरशी वेगळी असते, त्यामुळे या ठिपक्यांनी नायटा होणार नाही. मात्र घरात कोणाला नायटा असेल तर तो सामायिक टॉवेलाने पसरतो, म्हणून बाळाचा टॉवेल वेगळाच ठेवावा.

झाडीपट्टी:
दोघींचेही आभार. तीन टॉवेल स्वच्छ झाले. आता ते पडवीतल्या दोरीवर एकेरी पसरून पंखा लावते. चौथ्याचा काठ दुहेरी शिवलेला आहे. बाकी टॉवेल वाळला तरी तो काठ सकाळपर्यंत हाताला गारच लागतो आणि ठिपकेही तिथेच राहिले आहेत, म्हणून काठ उसवून पाहणार आहे.