मदत हवी आहे: पेपरआधी पेटंटचा विचार करायला प्राध्यापकांना कसं तयार करावं?

आम्ही चार पीएचडीचे विद्यार्थी विद्यापीठाच्या आयपीआर सेलला (पेटंटसारख्या बौद्धिक संपदा हक्कांचं काम बघणारा विभाग) फावल्या वेळात मदत करतो. काम एकच: पेपर पाठवण्याआधी गाईडकडून शोधाची माहिती भरून घेणं. जमत नाहीये. दोन व्याख्यानं ठेवली, माणसं चहापुरती आली. सहा पानी फॉर्म वाटले. एक परत आला, मागे कॅलिब्रेशनची आकडेमोड!

खर्चाचा मुद्दा नाही. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, प्रोव्हिजनल (तात्पुरता, प्राथमिक) अर्ज केल्यावर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, हे सगळं सांगून झालंय. सरांचं उत्तर ठरलेलं: "आधी पेपर येऊ दे रे, पेटंट कुठे पळून जातंय?" पण ते खरंच जातं. एका मित्राचा पेपर छापून आल्यावर आमच्या लक्षात आलं, तोवर शोध जगजाहीर झाला होता, म्हणजे पेटंटला लागणारं नावीन्यच गेलं होतं.

वेगळा निधी नाही, सक्ती करायचा अधिकार नाही. सेलमध्ये पूर्णवेळ माणूसही नाही.

ज्यांच्या विद्यापीठात हे जमलंय त्यांना विचारतो: पहिल्या भेटीत सरांना नेमके कोणते तीन-चार प्रश्न विचारता? आणि ते पेपर लिहायला घेतल्यावर, की आधी लॅब मीटिंगमध्येच?