मदत हवी आहे: गाडीला नाईट व्हिजन कॅमेरा बसवला तर रात्री गवे-गुरं दिसतील का?

पेटीवाला_सत्तरी

नमस्कार मंडळी. गाड्यांतलं मला फारसं कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पेटी वाजवतो. जत्रांची नाटकं, श्रावणातले सप्ताह, चवथीची भजनं. त्यामुळे घरी परतायची वेळ रात्री दीड ते पहाटे चार. राहतो गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या वाळपईजवळ. गाडी नऊ वर्षांची साधी हॅचबॅक. डिकीत पेटी, तबला-डग्गा, मागच्या सीटवर बहुधा दोन गायक. वय ५७.

गेल्या श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहात साथ करून परतत होतो. उसगाव मागे टाकलं होतं. पाऊस थांबलेला, रस्ता ओला. समोरून एक टिपर अप्परवर (दिव्यांचा झोत वर ठेवून) आला. तो गेल्यावर दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे नुसता काळोख, आणि त्या काळोखात रस्त्यावर चार पांढरे मोजे दिसले. मोजेच. ब्रेक दाबला, गाडी तिरकी होऊन थांबली, मग मोज्यांच्या वर काय आहे ते कळलं. गवा. बॉनेटपासून दोन हातांवर. त्याने आमच्याकडे बघितलं आणि सावकाश रानात उतरला. मागच्या सीटवर आमच्या गायकाने जो सूर लावला तो अख्ख्या सप्ताहात लागला नव्हता.

गव्याला 'राज्य प्राणी' म्हणून मान आहे, मान्य. पण रस्त्यावर बसलेली गुरं तर रोजचीच, आणि रात्री काळी म्हैस आणि काळा डांबर एकच.

आता प्रश्न. म्हापशाच्या एका दुकानात 'नाईट व्हिजन' कॅमेरा दाखवला. डॅशबोर्डवर पडदा बसतो, वीस हजारांच्या घरात सांगतात. दुकानातले दिवे मालवले तरी पडद्यावर भिंतीवरचं कॅलेंडर रंगीत दिसत होतं. मुलगा म्हणतो, त्यापेक्षा मोबाइलला लावायचा थर्मल कॅमेरा ऑनलाइन घ्या. कोणी असं काही वापरलंय का? पावसात चालतं का? वीस हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही.

(घरून आलेली सूचना 'रात्रीचे कार्यक्रम सोडा' अशी आहे. ती इथे पुन्हा देऊ नये.)

मोपा_टॅक्सी

बुवा, देवाची कृपा म्हणा. टनभर वजनाचं जनावर ते, आपल्या हॅचबॅकपेक्षा जड.

मी रोज रात्री विमानतळ ते मडगाव करतो. तो डॅशबोर्डचा कॅमेरा आमच्यातल्या एकाने लावला होता. दोन महिन्यांत काढला. सांगायचा, समोरून गाडी आली की पडदा पांढराफटक, आणि नेमकं तेव्हाच दिसायला हवं असतं.

उष्मांक

मी वेर्ण्याला कारखान्यात आहे. इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये कुठे गरम होतंय ते शोधायला थर्मल कॅमेरा रोज हातात असतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

'नाईट व्हिजन' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दुकानात तुम्हाला दाखवलेला आहे तो साधा कॅमेरा, फक्त सेन्सर जास्त संवेदनशील. असलेला उजेड तो वाढवून दाखवतो. कॅलेंडर दिसलं कारण दाराच्या फटीतून का होईना, उजेड येत होता आणि कॅलेंडर हलत नव्हतं. उजेड कमी असला की असा कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ घेतो, मग हलणारी वस्तू फराटते. आणि टिपरचा अप्पर त्यालाही आंधळं करतो, तुमच्या डोळ्यांसारखाच.

दुसरा प्रकार गाडीतूनच अदृश्य अवरक्त (इन्फ्रारेड) झोत टाकणारा. २००५ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये तो होता. हे किरण काचेतून जातात, त्यामुळे कॅमेरा आत आरशापाशी बसवता येतो. चित्र ओळखीचं येतं, कृष्णधवल फोटोसारखं. मात्र धुक्यात झोत थेंबांवरून परत फिरतो. चोर्ल्याच्या घाटात जुलैत अप्पर लावून बघा, पुढे पांढरी भिंत उभी राहते. हेही तसंच.

तिसरा खरा थर्मल. याला उजेड लागतच नाही, अंगाची ऊब दिसते. गाडीत पहिल्यांदा आणला २००० सालच्या मॉडेलच्या कॅडिलॅक डेव्हिलने. पुढे होंडाने २००४ साली जपानमध्ये लिजंड गाडीत माणूस ओळखून सावध करणारी यंत्रणा दिली (आपलं सत्तरीतलं होंडा गाव नव्हे, तिथे अजून रस्त्यावरचे दिवेसुद्धा माणूस बघून लागतात). चांगली यंत्रणा तीनशे मीटरपर्यंतची ऊब पकडते. समोरच्या अप्परचा तिच्यावर परिणाम नाही. तुमचा गवा तिला टिपरच्या झगझगाटातही दिसला असता.

पण ती महागड्या गाड्यांतच कारखान्यातून बसून येते. आणि मुलाला सांगा: मोबाइलचा थर्मल कॅमेरा काचेच्या आतून काहीच दाखवणार नाही. ही ऊब काचेतून पार होत नाही. म्हणून गाड्यांत तो पुढच्या जाळीत बसवतात आणि त्याचं भिंग जर्मेनियमचं असतं. शिवाय निर्यातीच्या निर्बंधांमुळे असले बरेच स्वस्त कॅमेरे सेकंदाला फक्त नऊ चित्रं देतात. ताशी ६० ला दोन चित्रांच्या मध्ये गाडी जवळजवळ दोन मीटर पुढे गेलेली असते.

काजूबोंडू

गुरांच्या गळ्यात रेडियमचे पट्टे बांधा की! काही गावांतल्या पोरांनी बांधले आहेत. वीस हजारांत अख्खा कळप होईल.

पेटीवाला_सत्तरी

@काजूबोंडू, गुरांना बांधीन हो, गव्याला कोण बांधणार? तुम्ही येता का?

@उष्मांक बाब, खूप आभार. म्हणजे पैसे असते तर थर्मलवाली गाडी घेणं हाच उपाय, असंच ना?

उष्मांक

नाही, अगदी तसंही नाही. ती यंत्रणा युरोप-अमेरिकेतल्या लांब सरळ काळोख्या रस्त्यांसाठी बनली. तिचा कॅमेरा साधारण २४ ते ३६ अंशांचाच पट्टा बघतो. अनमोडच्या किंवा चोर्ल्याच्या वळणावर तो समोरची दरड बघत राहणार, आणि गवा असतो वळणाच्या आत.

दुसरं, आपली हवा. थंड प्रदेशात माणूस दिव्यासारखा उठून दिसतो. आपल्याकडे मे महिन्यात दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत गरम असतं, त्यामुळे फरक कमी होतो. मुसळधार पावसात तर पाणीच ऊब शोषून घेतं आणि चित्र धूसर होतं. गुरं तरीही दिसतील, पण जवळ आल्यावर. आणि प्राणी ओळखून इशारा देणारी प्रणाली उभ्या, चालणाऱ्या जनावरांवर शिकवलेली असते. पाय मुडपून रवंथ करत बसलेली गाय तिच्या हिशेबात बसेलच असं नाही.

जे थंड आहे ते तिला नीट दिसत नाही. खड्डा, रंबलर, पडलेला माड, मागचे दिवे बंद ठेवून रात्रभर कडेला उभा असलेला खनिजाचा ट्रक. आपल्याकडे हा ट्रक गव्यापेक्षा जास्त वेळा भेटतो.

आणि पडदा कुठलाही असो, तो बघायला नजर रस्त्यावरून खाली येते. ताशी ६० ला दोन सेकंद पडद्याकडे बघितलं तर ३३ मीटर न बघता गेलात. म्हणून चांगल्या गाड्यांत जनावर दिसलं की आवाज होतो, किंवा खूण समोरच्या काचेवर उमटते.

दृष्टिआड

मी चष्म्याच्या क्षेत्रात आहे. बुवा, एक विचारू? टिपर गेल्यावर दोन-तीन सेकंद काही दिसलं नाही म्हणालात. हे नेहमी होतं का? दिव्यांभोवती वलयं दिसतात का, दिवा फुटल्यासारखा वाटतो का?

साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली कमी उघडते, भिंग पिवळं पडतं. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असली तर समोरचा झोत डोळ्यात पसरतो. दिवसा तक्ता खाडखाड वाचणारी माणसंही रात्री अडखळतात. कॅमेऱ्याच्या आधी डोळे तपासून घ्या, बाहुली मोठी करणारे थेंब घालून. त्या दिवशी गाडी दुसऱ्याने चालवायची.

आणि रस्त्यावर विकतात ते पिवळ्या काचेचे 'नाईट ड्रायव्हिंग' चष्मे घेऊ नका. २०१९ साली अमेरिकेत सिम्युलेटरवर त्यांची चाचणी झाली, रस्त्यावरचा माणूस दिसण्यात काडीचा फायदा झाला नाही. पिवळी काच थोडा उजेड अडवतेच.

मोपा_टॅक्सी

मी यात धंद्याचं सांगतो. समोरून अप्पर आला की त्याच्या दिव्यांत बघायचं नाही, आपल्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची. (सत्तरीत पट्टी असेल तिथे.) काच आतूनही पुसायची, नुसती बाहेरून नव्हे. आतल्या बाजूला जो चिकट थर धरतो त्यानेच दिवे फुटतात. वायपरचं रबर चवथीआधी बदलायचं. आणि बुवा, समोरचे लोक तुम्हाला डिपर मारतात का हो? तुम्ही झोत खाली करून डिपरवर असतानासुद्धा?

पेटीवाला_सत्तरी

मारतात! सगळेच मारतात. मला वाटायचं ओळखीचे आहेत.

मोपा_टॅक्सी

मागे दोन गायक आणि डिकीत पेटी. गाडीची शेपटी बसते, नाक वर होतं, तुमचा झोत समोरच्याच्या डोळ्यात. मग तो रागाने अप्पर लावतो आणि तुम्ही आंधळे. स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली एक छोटी चक्री असेल, ० ते ३ आकडे. बहुतेकांना ती कशाची ते माहीत नसतं. मागे वजन असेल तर आकडा वाढवायचा, झोत खाली येतो.

उष्मांक

हे सगळ्यात कामाचं उत्तर आलं. भर घालतो: सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, नेहमीचं वजन भरून. डिपरच्या झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर खाली यायला हवी, डावीकडे थोडी चढलेली. नऊ वर्षांत हेडलाइटचं प्लास्टिक पिवळं पडलं असणार, ते पॉलिश करून घ्या. जास्त वॅटचे बल्ब किंवा बाजारातली पांढरी किट कोंबू नका. हॅलोजनच्या घरात ती बसवली की उजेड फक्त उधळतो, आणि नियमातही बसत नाही.

एक हिशेबही. डिपरवर काळं जनावर साधारण चाळीस मीटरवर लक्षात येतं, त्यातही उंच गव्याचे आधी पायच. ओल्या रस्त्यावर ताशी ६० ला, बिचकून ब्रेक दाबेपर्यंतचा दीड सेकंद धरून, थांबायला साठ मीटर लागतात. ताशी ४० ला बत्तीस. वीस किलोमीटरला दहा मिनिटं उशीर होईल, एवढंच.

पेटीवाला_सत्तरी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल माफी.

दुकानदार सज्जन निघाला, एका रात्रीसाठी कॅमेरा लावून दिला. मोकळ्या रस्त्यावर चित्र फार सुंदर, चंद्रप्रकाशात नाटकाचा पडदा असावा तसं. पण गाडी समोर आली की पांढरं, आणि पावसाचे थेंब पडले की प्रत्येक थेंबात एक दिवा. एक कुत्रा आडवा आला तो मला काचेतून आधी दिसला, पडद्यावर नंतर. परत दिला.

उष्मांक बाब त्यांचा कॅमेरा घेऊन स्वतः उसगावला आले. खिडकी उघडून बघितलं तर शंभर मीटरवरची पाच गुरं समईसारखी उजळलेली. मग काच वर केली आणि पडद्यावर माझंच तोंड दिसलं. मुलाने तिथेच ऑनलाइनचा विषय सोडला.

डोळे तपासले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, एवढ्यात शस्त्रक्रिया नको म्हणाले, पण चष्म्याचा नंबर चार वर्षांपूर्वीचा होता तो बदलला. हेडलाइट पॉलिश केले, काच आतून पुसली. फडकं बघून घरातली म्हणाली, हे तू सिगारेट ओढायचास तेव्हापासूनचं आहे.

आणि चक्री सापडली! ० वरच होती, नऊ वर्षं. आता २ वर ठेवतो. परवा फोंड्याहून येताना एकानेही डिपर मारला नाही, जरा एकटं वाटलं.

आता एकच शंका उरली. चवथीला मागे तीन माणसं आणि पखवाज वाढणार. चक्री ३ वर न्यावी का?

मोपा_टॅक्सी

भिंतीवर बघून ठरवा बुवा. आणि त्या तिघांतला सगळ्यात जाड गायक पुढे बसवा.