उन्हाळी सुट्टी, साताऱ्याचे डोंगर आणि दिवसभराच्या सहली: तुमचे अनुभव लिहा

माचीपेठेची लेक
परवा भाच्यानं कासवरून फोटो पाठवला. पिवळं पडलेलं पठार, वर पांढरंफटक आभाळ आणि खाली मजकूर, "मावशी, इथं काहीच नाहीये!" पोरं पुण्याहून गाडी काढून आली आणि अर्ध्या तासात परत फिरली. मला फार वाईट वाटलं. पश्चिम घाट 2012 साली जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आलं, तेव्हापासून लोकांना कास म्हणजे सप्टेंबरची फुलं एवढंच माहीत. आमच्या लहानपणी कास म्हणजे मे महिना होता.

आजोबा पहाटे पाचला उठवायचे. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चालत चढायचो, उन्हं तापायच्या आत देवळात. तिथून मिळेल त्या गाडीनं तलावावर. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि वाटेत पाडलेली कैरी. तलावाचं पाणी साताऱ्याला प्यायला येतं म्हणून आजोबा पायसुद्धा बुडवू द्यायचे नाहीत. दुपारभर जांभळाखाली आडवं व्हायचं, ऊन कललं की करवंदाच्या जाळ्या धुंडाळायच्या. हातापायांवर ओरखडे, ओठांना चीक, आणि घरी आल्यावर जेवायला भूक नाही म्हणून आईची बोलणी.

डोंगर उन्हाळ्यात जे देतो ते पावसाळ्यात देत नाही, हे मला भाच्याला सांगायचंय. तर तुम्ही मे महिन्यात कुठं जायचात, काय बघायचात, काय खायचात ते लिहा. अख्खा धागा त्याला पाठवणार आहे.

कोरेगावचा गडी
कोंबडा का कोंबडी??

माचीपेठेची लेक
कोंबडा! नेहमी कोंबडाच निघायचा माझा 😄

वाईकर काका
तरुण मंडळींना कळणार नाही म्हणून सांगतो. करवंद दाताखाली धरायच्या आधी समोरच्यानं सांगायचं कोंबडा का कोंबडी. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हरला त्यानं आपल्या द्रोणातली करवंदं द्यायची. यावरून सख्खे भाऊ दोन दोन दिवस बोलायचे नाहीत.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात कमळगड. वाईहून धोम, पुढं नांदगण्याकडून चढायचं. चढ खडा आहे पण वरच्या अर्ध्या वाटेला दाट झाडी, ऊन लागत नाही. माथ्यावर तटबुरूज शोधत बसू नका, तिथं बघायची ती गेरूची विहीर. कातळातल्या अरुंद भेगेतून पायऱ्या सरळ खाली उतरतात, दोन्ही भिंती लालभडक. चार पायऱ्या उतरलं की घाम वाळतो, तळाशी तर मे महिन्यात अंगावर काटा येतो. गाभाऱ्यात गेल्यासारखा गारवा. आमचे गुरुजी सगळ्या वर्गाला तळाशी गप्प बसवायचे, कुणी शिंकलं तरी आवाज घुमायचा. फक्त भिंतीवर नावं कोरू नका हो. गेल्या खेपेस बघून जीव तुटला.

पाटणची सून
काका आमच्याकडं दातेगडाची विहीर पण अशीच. कातळात सरळ खाली कोरलेली, लांबच लांब पायऱ्या. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात नणंदा घेऊन गेल्या होत्या, नवी नवरी म्हणून सगळ्यांचे डबे माझ्याच डोक्यावर 😂

कोरेगावचा गडी
नांदगिरीचा कल्याणगड कुणी केलाय का? गुहेत पाण्यातनं चालत जायचं. बाहेर 40 डिग्री आन आत गुडघ्याएवढं गार पाणी, काळाकुट्ट अंधार, टॉर्च पायजेच. आत पार्श्वनाथांची मूर्ती आन दत्त. आम्ही पोरं एकमेकाचा शर्ट धरून आगगाडी करून जायचो. मधला कुणीतरी "साप साप" वरडायचा, मग काय विचारता. वटवाघळं असत्यात, शांत जावा. पाणी पावसावर कमीजास्त असतंय, गावात इचारूनच आत शिरा.

जावळीची लेक, सध्या डोंबिवली
वाचून रडू आलं खरंच. आमचं मूळ गाव कोयनेत गेलं. धरण झालं तेव्हा आजीचं माहेर सोलापूरकडं उठून गेलं आणि आम्ही वरच्या अंगाला सरकलो. मे महिन्यात मुंबईची सगळी माणसं गावाला, बामणोलीला लाँचला ही गर्दी. माथाडीत असलेले मामा, चुलते, गोण्या, ट्रंका, कोंबड्या सगळं एका लाँचमध्ये.

पाणी खाली गेलं की शिवसागराच्या काठानं जुनी शेतं उघडी पडतात. बांध दिसतात, मोठ्या झाडांचे बुंधे दिसतात. आजी काठावर उभी राहून बोटानं दाखवायची, हे आमचं खळं, ही पाणंद, इथनं मी पाण्याला जायची. आम्हाला नुसता भेगाळलेला गाळ दिसायचा, तिला पूर्ण गाव दिसायचं. लोक त्या गाळपेरीच्या जमिनीत चार महिने पीकही काढतात. पर्यटक आता तिथं तंबू लावून राहतात, राहू देत, गावातल्या पोरांना काम मिळतं. पण बाटल्या फोडू नका. अनवाणी फिरणारी म्हातारी माणसं आहेत तिथं अजून.

माचीपेठेची लेक
ताई 🙏 आजीचं लिहिलंत ते भाच्याला आधी वाचायला देणार.

वाई एसटी ग्रुप
बामणोलीहून वासोटा मे मध्ये होतो का? बोट चालू असते?

जावळीची लेक, सध्या डोंबिवली
हो चालू असते, पावसाळ्यात बंद करतात. वनखात्याची परवानगी लागते, कोयना अभयारण्यात येतो तो. बोटीचा प्रवास दीड तासाचा धरा. उन्हाळ्यात पाणी मागं हटलेलं असतं म्हणून बोट जिथं सोडते तिथून जास्त चालावं लागतं. सकाळची पहिली बोट गाठा आणि अंधाराआधी परत या. जंगलात मुक्काम करता येत नाही. वर बाबू कड्यावरून खाली बघताना लहान मुलांचा हात सोडू नका.

पाखरू आणि पाऊलवाट
चाळकेवाडीचं कुणीच कसं लिहिलं नाही! ठोसेघरचा धबधबा उन्हाळ्यात आटलेला असतो म्हणून लोक तिथूनच परततात. अजून थोडं वर जा. पवनचक्क्यांचं पठार. एप्रिल-मे मध्ये भर उन्हात दगडादगडावर एक सरडा बसलेला दिसेल, बोटभर लांब, मातकट. जरा थांबा. तो गळ्याखालचा पंखा उघडतो आणि निळा, काळा, केशरी असा रंग झळकतो की बघतच राहावं. विणीचा हंगाम असतो, नर मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला दम द्यायला हे करतात. पावसाळ्यात गेलात तर हा खेळ दिसायचा नाही. 2016 साली शास्त्रज्ञांनी ही नवी जात म्हणून नोंदवली, सरडा सुपर्बा. आपल्या साताऱ्याच्या पठारावरचा प्राणी!

अजून एक. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच पठारावर अभ्यास केला, 2018 ला प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांमुळं शिकारी पक्षी तिथं खूप कमी झाले, त्यामुळं सरडे वाढले, आणि त्यांची भीतीही कमी झाली, माणूस बराच जवळ गेला तरी पळत नाहीत. म्हणून गाडी पठारावर घालू नका, दगड उलथेपालथे करू नका. ते दगड हीच त्यांची घरं.

भाच्याला म्हणावं दुर्बीण घेऊन ये, मी दाखवतो.

कोरेगावचा गडी
लका ह्ये आमी ल्हानपणी रोज बघायचो, आमाला वाटायचं साधा सरडा

मिरजेची मावशी
सातारकरांनो, आमच्या सांगलीकडं पण या की! दंडोबाचा डोंगर आहे, गुहेतलं देऊळ आहे, आत शिरलं की गार. आणि सागरेश्वर! देवराष्ट्र्याजवळ. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. तिथलं अभयारण्य म्हणजे मुद्दाम उभं केलेलं जंगल. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, उघड्या डोंगरावर झाडं लावली, हरणं आणून सोडली. उन्हाळ्यात पाला झडलेला असतो म्हणून चितळ, सांबर लांबूनही दिसतात. पाणवठ्याजवळ सकाळी गप्प बसलं की हमखास. आमच्या यांना तर सागरेश्वर म्हणजे जीव की प्राण, निवृत्तीनंतर

माफ करा, अर्धवट गेलं, कुकर झाला. तर निवृत्तीनंतर आम्ही दर उन्हाळ्यात जातो. खालची जुनी देवळं पण बघा, कितीतरी आहेत एका आवारात.

वाईकर काका
मावशी, सांगलीत डोंगर आहेत हे आज कळलं 😄

मिरजेची मावशी
या की एकदा, भडंग खाऊ घालते मग बोला 😄

दहिवडी वाले
डोंगर, उन्हाळा आणि शिखर शिंगणापूर नाही? चैत्र म्हणजे शंभू महादेव. सासवडहून तेल्या भुत्याची कावड येते आणि मुंगी घाटातून वर चढते. घाट म्हणजे नावालाच, उभा कडा आहे. साखळी करून माणसं कावड हातोहात वर देतात, कुणी वरून दोर धरतो, कुणी खालून खांदा देतो, "हर हर महादेव" आणि "म्हाद्या धाव" यानं डोंगर दणाणतो. खाली माण देश करपलेला असतो, पाण्याचा थेंब नाही, आणि ह्यांच्या कावडीत देवासाठी नेलेलं पाणी. मी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलंय, आता पोरगं माझ्या खांद्यावर असतं. सहल म्हणा, यात्रा म्हणा. उन्हाळ्यात आम्हाला दुसरं काही सुचत नाही.

भोसेघाट
महाबळेश्वर मे मध्ये शनिवार-रविवार करायचंच असेल तर सात वाजायच्या आत पसरणी घाट चढा. नाहीतर वेण्णा तलावाच्या रांगेत दिवस जाईल. स्ट्रॉबेरी मे मध्ये संपत आलेली असते, जांभळं आणि तुती खा. मुलं वाचणारी असतील तर भिलारला थांबा, 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. गावातल्या घराघरांत पुस्तकं मांडून ठेवलीत, कुठल्याही ओसरीवर बसून वाचा. आमची धाकटी तिथून उठायलाच तयार नव्हती, पॉइंट राहिले सगळे.

जाळरेषा
सगळ्यांचं छान चाललंय पण एक कळकळीचं सांगतो. उन्हाळ्यात डोंगरावर चूल, शेकोटी, बिडी, काहीही पेटवू नका. आम्ही काही पोरं वणवे विझवायला जातो. रात्री फोन येतो, अमुक डोंगर पेटला. ओल्या फांद्यांनी आणि झोडप्यांनी झोडायचं, वारा फिरला की पळायचं. वनखातं जाळरेषा काढतं, वाळलं गवत आधीच जाळून पट्टा मोकळा करतं, पण एका ठिणगीनं वाऱ्याबरोबर पट्ट्यापलीकडं जातं. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून मुद्दाम लावणारेही आहेत. आग जमिनीवरची अंडी, घरटी, सरडे, कासवं, करवंदाच्या जाळ्या काहीच सोडत नाही. सकाळी राखेत टिटवी ओरडत फिरताना पाहिलीय. धूर दिसला की लगेच वनखात्याला 1926 वर फोन करा.

आणि आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका, आरडाओरडा तर नाहीच.

पाखरू आणि पाऊलवाट
हे वरती ठळक लिहायला हवं.

पाटणची सून
भाऊ तुम्हा पोरांना हात जोडते. आमच्या इथली गुरं वाचली होती मागं अशाच पोरांमुळं.

लिंबची ताई
घाईत लिहितेय. डोंगर नको असेल त्यांनी आमच्या लिंबची बारा मोटेची विहीर. शाहू महाराजांच्या काळातली, वीरूबाईंनी बांधलेली. विहिरीच्या आतच दगडी महाल आहे, दुपारी तिथं बसा. हायवेवरून लगेच. विहिरीत पोहू नका एवढंच.
ते कच्च्या करवंदाचं लोणचं कोण विचारणार होतं? मी विचारते. मला कडू लागतं नेहमी

मिरजेची मावशी
ताई बी काढली का? अर्धं चिरून बी काढायची, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचं, चीक निघतो. मग हळद, मीठ, मोहरीची डाळ, हिंग, तिखट, आणि गार केलेली फोडणी. गूळ घातला तर मुलंही खातात. हाताला चीक लागला तर तेल चोळा, साबणानं जात नाही.

माचीपेठेची लेक
भाच्यानं सगळं वाचलं. म्हणतो पुढच्या शनिवारी चाळकेवाडी आणि कल्याणगड, मित्रांनाही आणतो. पाखरू दादा, तुम्हाला चालेल ना? डबे मी करते.

पाखरू आणि पाऊलवाट
चालेल ताई. सकाळी आठला पठारावर, सरडे ऊन चढलं की बाहेर येतात. टोपी आणि माणशी तीन लिटर पाणी. वर पाणी मिळणार नाही.

कोरेगावचा गडी
कल्याणगडला मी हाय. फकस्त लवकर या, काल आमच्याकडं वळीव झाला, गारा पडल्या. दुपारनंतर इजा कडाडत्यात, माथ्यावर थांबायचं न्हाय. आन करवंदं आता खाल्ली तर फोडून बघून खावा, पाऊस लागला की आत अळी पडती.