जुनी ऑफिस इमारत: आधी काचा बदलायच्या की आधी यंत्रणा ताळ्यावर आणायची?

प्लँटरूम (धागाकर्ता)

जुन्या ऑफिसची वीज वाचवायची म्हटलं की चर्चा थेट नव्या काचा, नवा दर्शनी भाग आणि लॉबीत लावायच्या प्रमाणपत्रावर जाते. माझं मत उलटं आहे. पहिला पैसा नियंत्रणांवर घाला.

जुन्या इमारतींत काय चालतं ते बघा. एएचयू (हवा थंड करून मजल्यावर सोडणारं यंत्र) रात्रभर चालू, कारण टायमर कुणीतरी कधीतरी बायपास केला आणि तसाच राहिला. बाहेरच्या हवेचा डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) अडकलेला. एकाच मजल्यावर एक यंत्र हवा थंड करतंय आणि पुढे दुसरं तीच तापवतंय. सेन्सर प्रिंटरच्या डोक्यावर, म्हणून तो खोटं बोलतोय. पंख्यांना वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी बसवलेत, पण कायम पूर्ण वेगावर. पंख्याची वीज वेगाच्या घनात बदलते, म्हणजे वेग 20 टक्के उतरवला तर वीज जवळपास निम्मी होते. ही सोय बसवून न वापरणं म्हणजे शुद्ध आळस.

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 2009 साली असे दोष शोधून दुरुस्त करण्याच्या कामांचा आढावा घेतला होता. जुन्या इमारतींत मध्यक बचत 16 टक्के, आणि खर्च साधारण वर्षभरात वसूल. एवढ्या लवकर पैसे परत देणारी काच मला दाखवा.

दुहेरी_काच

साफ असहमत. 16 टक्क्यांबद्दल वाद नाही, पण तुम्ही थर्मोस्टॅटच्या नजरेने इमारत बघताय. थर्मोस्टॅटला फक्त हवा कळते. माणसाच्या अंगाला भिंत, छत आणि काच यांचीही उष्णता कळते. डॅनिश अभियंता फँगरने 1970 साली आरामाचं गणित मांडलं, त्यात सहा घटक आहेत: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, कपडे आणि शरीराची हालचाल. दुपारी पश्चिमेच्या एकेरी काचेजवळ बसलेल्याला हवा 24 अंश असली तरी भाजतंच. मग तो तक्रार करतो, तुमचा ऑपरेटर सेटपॉइंट (ठरवलेलं तापमान) 21 वर आणतो आणि मधल्या रांगा कुडकुडतात. बीएमएसमध्ये (इमारतीच्या नियंत्रण-संगणकात) कितीही खटपट करा, ती काच गरमच राहणार.

दुसरा मुद्दा क्रमाचा. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931 ची. तिथल्या कामाची घोषणा 2009 मध्ये झाली. सुमारे 6,500 खिडक्यांच्या काचा फेकून न देता इमारतीतच कार्यशाळा थाटून त्यांच्या मधे फिल्म आणि वायू भरला. रेडिएटरांच्या मागे उष्णतारोधक बसवले. त्यामुळे थंडाव्याचा लोड (लागणारा थंडावा) इतका उतरला की नवे, मोठे चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं) घ्यावेच लागले नाहीत, जुन्यांच्याच नूतनीकरणावर भागलं. ऊर्जाबचतीचं लक्ष्य 38 टक्के होतं. आधी लोड, मग यंत्र! उलट केलंत तर गरजेपेक्षा मोठा चिलर वीस-पंचवीस वर्षं सांभाळत बसाल.

प्लँटरूम

उदाहरण चांगलं निवडलंत, पण अर्धं सांगितलंत. तिथे इमारतीचं मोठं नूतनीकरण नाहीतरी चालूच होतं आणि चिलरचा निर्णयही समोर होता. त्याला जोडून काम झालं म्हणून हिशेब बसला. भरलेल्या ऑफिसात, फक्त वीज वाचवायला, मजल्यामागून मजले रिकामे करून काचा काढायला कोण मालक तयार होईल? आणि जुनी फॉल्स सीलिंग उघडली की कधी कधी ॲस्बेस्टॉस निघतं, तेही धरा.

पश्चिमेच्या काचेबद्दल मात्र: बाहेरून सावली द्या. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढून फारसं साधत नाही.

स्वेटरवाली

दोघांचं छान चाललंय. आम्ही बसतो त्या खुर्चीत, म्हणून थोडं बोलते.

फँगरचंच गणित सांगतं की सगळं अचूक जमवलं तरी निदान 5 टक्के लोक नाराज राहणार. त्यात शरीराच्या उष्णतेचे जे आकडे वर्षानुवर्षं वापरले गेले, ते सरासरी पुरुषावर बेतलेले. 2015 मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मधल्या एका शोधनिबंधाने दाखवलं की त्यामुळे बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता प्रत्यक्षापेक्षा जास्त गृहीत धरली जाते. म्हणून भर उन्हाळ्यात आम्ही शाल घेऊन बसतो आणि टेबलाखाली हीटर लावतो. तो हीटर मग तुमच्याच चिलरचा लोड वाढवतो. हे कुठल्या ऑडिटमध्ये येतं का हो?

माझ्या मते पहिला पैसा माणसाच्या हाताशी असलेल्या नियंत्रणावर. टेबलावर छोटा पंखा, उघडणारी खिडकी. हवा थोडी हलती असली तर दोन अंश जास्तही चालतात.

हवा_येऊ_द्या

खिडकी उघडायची आणि एसी चालूच ठेवायचा, हे काही खरं नाही. खिडकीला स्विच हवा, उघडली की त्या भागातली थंड हवा बंद.

पण माझा आक्षेप सगळ्यांवरच आहे. इमारत घट्ट करण्याच्या उत्साहात ताजी हवा कापू नका. सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटानंतर अमेरिकेत नेमकं हेच झालं. ॲश्रे या तिथल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या 1981 च्या मानकात धूम्रपान नसलेल्या ऑफिससाठी माणशी मिनिटाला 5 घनफूट बाहेरची हवा पुरेशी मानली होती. मग डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, ‘आजारी इमारती’ असा ओरडा झाला आणि 1989 मध्ये आकडा 20 वर न्यावा लागला. हवा पूर्ण द्या, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतला थंडावा किंवा ऊब परत मिळवणारं यंत्र लावा. डक्टला जागा नसते ही रड मला माहीत आहे. शोधा.

ताळेबंद

एक प्रश्न कुणीच विचारला नाही. पैसे कोण घालणार? काचा मालकाच्या, बिल भाडेकरूचं. मालकाने खर्च केला तर फायदा भाडेकरूला, आणि भाडेकरू दुसऱ्याच्या भिंतीत पैसे पुरणार नाही. हे अडलेलं गाडं बहुतेक वेळा कायद्यानेच हलतं. नेदरलँड्समध्ये 1 जानेवारी 2023 पासून काही अपवाद वगळता 100 चौरस मीटरवरच्या ऑफिसला किमान ‘सी’ ऊर्जालेबल (ऊर्जा वापराची श्रेणी) लागतं, नाहीतर ते ऑफिस म्हणून वापरता येत नाही.

आणि प्लँटरूम, तुमच्या युक्तिवादाचा मालक लोक कसा वापर करतात ते मी बघतो. स्वस्तातलं काम उरकतात, अहवाल छापतात आणि काचेचा विषय दहा वर्षं मिटवतात. सोपी बचत आधीच खर्ची पडली की उरलेलं महागडं काम एकट्याने कुठल्याच हिशेबात बसत नाही. सोपं आणि अवघड एकाच प्रस्तावात बांधा.

प्लँटरूम

बांधायला हरकत नाही, पण मग त्या प्रस्तावाच्या मंजुरीची वाट बघत दोन वर्षं रात्रभर पंखे चालवू का? टायमर दुरुस्त करायला संचालक मंडळाचा ठराव लागत नाही.

दुहेरी_काच

टायमर आजच दुरुस्त करा, कुणी अडवलंय? मला एवढंच सांगा, चिलर बदलायची वेळ आली की निविदेत किती टन क्षमता लिहाल?

प्लँटरूम

जुन्या चिलरच्या पाटीवरचा आकडा तर नक्कीच नाही. आधी नियंत्रणं नीट करीन, चिलरवर मीटर बसवून एक पूर्ण उन्हाळा प्रत्यक्ष लोड मोजीन, मग तुमच्या काचांनी त्यातला किती कमी होतो ते मांडू.

दुहेरी_काच

आणि त्याच उन्हाळ्यात जुना चिलर बंद पडला तर?

प्लँटरूम

तर हंगामापुरता भाड्याने आणू. महाग पडेल, पण चुकीचा विकत घेण्याइतका नाही.