जीवामृत विरजण असेल, तर दूध कुठून आणायचं? (रासायनिक की सेंद्रिय)

गोदाकाठ, परभणी

राम राम मंडळी. सात एकरांपैकी दोन एकर गेली पाच वर्षं मी पूर्ण सेंद्रिय करतोय. उरलेल्या पाच एकरांत खताची गोणी आणि फवारणी चालू आहे. माती तीच, पाऊस तोच, बियाणं तेच, मधे फक्त बांध. त्या बांधावर उभं राहून पाच वर्षं जे पाहिलं त्यावरून सांगतो: गोणी बंद करा असं शेतकऱ्याला सांगणाऱ्याने आधी शेण कुठून आणायचं ते सांगावं.

माझं सोयाबीन रासायनिकात एकरी सरासरी ९ क्विंटल. सेंद्रियात पहिल्या वर्षी ५, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी पिवळा मोझॅक रोग आला आणि ३ वर आटोपलं. गेल्या दोन हंगामांत ७ पर्यंत आलोय. खत-औषधाचा खर्च वाचला हे खरं. पण तणनाशक नाही म्हणून दोन खुरपण्या वाढल्या, आणि बायका मिळेपर्यंत तण गुडघ्याला लागलं. शेवटी माल अडतीत नेला तर दोन्हीकडचा एकाच ढिगात ओतला. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता, माझं ४,१०० ला गेलं. सेंद्रिय म्हणून एक रुपया जास्त नाही.

आता कापसाचा हिशोब बघा. कोरडवाहू बीटी कापसाला शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची, म्हणजे एकरी ४८. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतो. सव्वादोन-अडीच गोण्या, सहा-साडेसहाशे रुपयांत काम होतं. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. तेवढ्याच नत्राला साडेनऊ टन शेणखत लागेल. आमच्याकडे ट्रॉली ४,५०० ला पडते आणि तिच्यात अडीच-तीन टन बसतं. एकरी चौदा ते सतरा हजारांवर गेलं की नाही?

माझ्या आजोबांच्या दारात दोन बैलजोड्या आणि चार गाई होत्या. उन्हाळ्यात उकिरडा उपसायला आठ दिवस लागायचे. आज दारात ट्रॅक्टर आहे आणि एक गाय. ती गाय सात एकरांना पुरणार नाही.


ढेकूळ, वाशीम

दादा, पाच वर्षं नेटाने केलंत आणि आकडे लपवले नाहीत, आधी त्याला मान. पण शेणखत तुम्ही नुसत्या नत्राच्या तराजूत तोलताय, तिथे माझी हरकत आहे.

पहिली गोष्ट, गोणीची २६६ रुपये ही खरी किंमतच नाही. वरचे पैसे सरकार भरतं. तेवढी मदत उद्या शेणखताच्या ट्रॉलीला दिली तर तुमचा हिशोब कुठल्या बाजूला झुकेल? दुसरी, टाकलेल्या युरियातला निम्म्याहून कमी नत्र पिकाच्या तोंडी लागतो. बाकीचा हवेत उडतो नाहीतर पाण्याबरोबर खाली जातो. तुम्ही ४८ किलो मोजलात, पिकाने ४८ खाल्ले नाहीत.

माझी अकरा वर्षं झाली, हळद आणि तूर. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर सांगतात त्या पद्धतीने जीवामृत करतो. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी. एकराला एवढं पुरतं, एका गाईत भागतं. कारण ते खत नाहीच, विरजण आहे. जिवाणू वाढवायचे, बाकीचं काम माती करते.

पावसाळ्यात माझ्या रानात येऊन कुदळ मारा. वीतभर खाली गांडुळांची भोकं दिसतील. शेजारच्या रानात पाऊस थांबल्यावर तीन दिवस पाणी तुंबलेलं असतं, माझ्यात दुसऱ्या दिवशी पाय रुतत नाही.


कसदार

मृदाशास्त्र शिकलोय आणि शेतकऱ्याच्या घरातलाच आहे, म्हणून बोलतो. ढेकूळ काका, विरजण हा तुमचाच शब्द घेतो. विरजण चमचाभर पुरतं हे मान्य, पण ते लावायला पातेल्यात दूध लागतं. पाण्याला विरजण लावून दही होत नाही. मातीतलं दूध म्हणजे सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याचा आणि शेणाचा मातीत राहिलेला कस. आपल्याकडच्या कितीतरी जमिनींत तो अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलाय. तिथे नुसतं जीवामृत ओतून जिवाणू खाणार काय?

अकरा वर्षांपूर्वी तुमची जमीन कशी होती, काय काय टाकलंत, तेही सांगा. हळदीला तुम्ही शेणखत टाकतच असणार. यश त्या ट्रॉल्यांचं असतं आणि नाव जीवामृताचं होतं.

आणि घाई केली की काय होतं ते श्रीलंकेत दिसलं. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद केली, नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. भातात स्वतःच्या पायावर उभा असलेला देश, त्याला तांदूळ बाहेरून आणावा लागला. चहालाही फटका बसला. गोणीने आपल्याला काय दिलं हे विसरू नका. साठच्या दशकात आपण अमेरिकेच्या गव्हाची जहाजं मोजत होतो.


ढेकूळ, वाशीम

शेणखत टाकलं, सुरुवातीची चार वर्षं एकरी तीन-तीन ट्रॉल्या. लपवायचं काही कारण नाही. दोन वर्षं घरात पैसा दिसला नाही, हेही लिहून ठेवा.

पण दुधाचं म्हणाल तर ते तुमच्याच रानात आहे आणि तुम्ही ते पेटवून देता. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, तुरीच्या तुऱ्हाट्या. मार्च-एप्रिलमध्ये रात्री एसटीने या, दोन्ही बाजूंना बांध पेटलेले दिसतात. शेण नाही म्हणून रडायचं आणि काडी ओढून दूध जाळायचं, हे कसं चालेल? मी अकरा वर्षांत एक काडी जाळली नाही. कडेला गिरिपुष्पाची झाडं लावलीत, त्यांचा पाला वर्षातून दोनदा छाटून सरीत टाकतो. त्याला गाय लागत नाही.

श्रीलंकेने एका रात्रीत केलं म्हणून ते पडलं. सिक्कीमने २००३ मध्ये ठरवलं आणि २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं. तेरा वर्षं दिली.


कसदार

सिक्कीमची शेती सुमारे ७५ हजार हेक्टर, आणि तिथे खताचा वापर आधीपासूनच कमी होता. तांदूळ आजही बाहेरून जातो. परभणीच्या दादांना सिक्कीमचा दाखला देऊन कापूस कसा पिकवायचा ते कळणार नाही. काडी जाळू नये, त्यावर मात्र तुमच्या बाजूने आहे.


पऱ्हाटी, यवतमाळ

मघापासून सगळं वाचतेय. नत्र, कर्ब, क्विंटल, सगळं आलं. फवारणाऱ्या माणसाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. माझे काका त्यातून वाचले. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीवर आणि नळी वर धरायची, म्हणजे औषध तोंडावर, मानेवर, बनियनवर. वरून घामाच्या धारा. दोन औषधं एकत्र मिसळून मारली होती, अळी हटत नव्हती म्हणून. संध्याकाळी काका घरी आले आणि काकूला म्हणाले, दिवा का नाही लावला? दिवा लावलेला होता. त्यांना दिसत नव्हतं. तोंडातून लाळ, हातपाय थरथरत होते. दवाखान्यात विषावर उतारा म्हणून अॅट्रोपिनची इंजेक्शनं द्यावी लागली. अंगातले कपडे काकूने धुतले तर तिच्या हाताला तीन दिवस मुंग्या येत होत्या.

काका दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारत होते. उत्पन्न ९ क्विंटल आलं की ७, यात त्यांचा वाटा काही नव्हता. रासायनिकाचा हिशोब मांडताना हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा, ते सांगा.


गोदाकाठ, परभणी

ताई, वाचून हात थांबला. काका आता बरे असतील अशी आशा करतो. फवारणीच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घालणार नाही. मास्क आणि हातमोजे घाला असं सांगणारे भाद्रपदातल्या उन्हात कपाशीत कधी उतरलेले नसतात.

पण खत आणि विष एकाच गाठोड्यात बांधू नका एवढंच म्हणेन. युरियाने कुणाची नजर जात नाही. माझा मुद्दा खताचा आहे.


पऱ्हाटी, यवतमाळ

दादा, दुकानात दोन्ही एकाच बिलावर येतात. आणि रानात तर त्यांचं नातंच आहे. युरिया जास्त झाला की कपाशी लुसलुशीत होते, हिरवीगार दाट माजते. मग मावा, तुडतुडे, पांढरी माशी तिच्यावरच तुटून पडतात. मग फवारा. शेजाऱ्याची हिरवी दिसते म्हणून आपणही एक गोणी जास्त फेकतो, तिथूनच पंप पाठीवर चढतो.

आम्ही पूर्ण सेंद्रिय नाही, हे स्पष्ट सांगते. युरिया निम्म्यावर आणला आणि तोही तीन हप्त्यांत देतो. सुरुवातीच्या दोन फवारण्या निंबोळी अर्काच्या. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटर करायची. निंबोळ्या आम्ही बायका जूनमध्ये वेचून ठेवतो. मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावतो. आणि कपाशी डिसेंबरअखेर उपटतो, फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढे आणखी कापूस, घेतच नाही. गुलाबी बोंडअळीला खायला ठेवलंच नाही तर ती राहील कुठे? पूर्वी सात-आठ फवारण्या व्हायच्या, गेल्या साली तीनवर भागलं.


बारदाना, सांगली

माझं कृषी सेवा केंद्र आहे. मला शिव्या पडणार हे धरून लिहितो. गिऱ्हाईक काउंटरवर पान ठेवतं आणि म्हणतं, लगेच मरेल असं द्या. लेबलवरचं प्रमाण सांगितलं तर बाजूच्या दुकानात जातं. मी दोन औषधं मिसळून देत नाही, पण देणारे आहेत.

सेंद्रियवाल्यांनाही एक सांगतो. जैविक म्हणून बिनलेबलच्या बाटल्या घेऊन एजंट बांधावर येतात. अळी दोन तासांत मेली तर खुश होऊ नका, संशय घ्या. जैविक औषधाने अळी तशी मरत नाही. आत रासायनिक कीटकनाशक घातलेलं असतं, आणि शेतकरी मात्र सेंद्रिय म्हणून उघड्या अंगाने फवारतो. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ट्रायकोडर्मा (रोगावरची उपयोगी बुरशी) आणि रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) कृषी विद्यापीठाचं घ्या, पन्नास-शंभर रुपयांत काम होतं.

आमच्याकडच्या क्षारपड जमिनी बघायला या कधीतरी. उसाला पाटाने पाणी आणि गोण्यांवर गोण्या. वर पांढरा थर आलाय, गवतसुद्धा उगवत नाही. त्या जमिनींचे मालक आता दुसऱ्याच्या रानात जातात.


पेठकर, पुणे

मी खाणारी, पिकवणारी नाही. दोन वर्षं दुप्पट पैसे देऊन सेंद्रिय भाजी घेतली. मग एकदा विक्रेत्याला प्रमाणपत्र विचारलं तर त्याने गाईचा फोटो दाखवला. तेव्हापासून थांबले. मुलांना खायला द्यायचं म्हणून जास्त पैसे द्यायला तयार आहे, पण विश्वास कुणावर ठेवायचा?


ढेकूळ, वाशीम

ताई, फोटो म्हणजे प्रमाणपत्र नाही. रस्ते दोन आहेत. एक, तपासणी संस्थेकडून एनपीओपीचं, म्हणजे सरकारच्या सेंद्रिय कार्यक्रमाचं प्रमाणपत्र, त्यात जमीन बदलण्याचा दोन-तीन वर्षांचा काळ धरतात. खर्चिक आहे, म्हणून गट करून घेतात. दुसरा पीजीएस, ज्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. गटाचा क्रमांक मागा. आणि जमलं तर वर्षातून एकदा त्या रानात जाऊन या.


कसदार

पेठकर ताई, थोडं कडू बोलतो. परदेशात जाणाऱ्या द्राक्षाची लॅबमध्ये तपासणी होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली आणि नाशिकचे बागायतदार होरपळले. त्यानंतर निर्यातीच्या बागा डोळ्यांत तेल घालून सांभाळल्या जातात. मंडईत तुमच्या पिशवीत पडणाऱ्या वांग्याला असं कोण विचारतं? फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं हे बाटलीवर छापलेलं असतं. ते दिवस पाळले तरी निम्मी काळजी मिटेल. मला सेंद्रियच्या पाटीपेक्षा मंडईतली तपासणी जास्त मोलाची वाटते.


गोदाकाठ, परभणी

सगळ्यांचं वाचलं. एक आकडा मी सुरुवातीला लिहिला नव्हता, तो लिहितो. माती परीक्षणात पाच वर्षांपूर्वी सातही एकरांचा सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के होता. आज पाच एकरांत ०.३६ आहे आणि त्या दोन एकरांत ०.४७. गेल्या ऑगस्टमध्ये पावसाने बावीस दिवस ताण दिला, तेव्हा पाच एकरांतलं सोयाबीन दुपारी माना टाकत होतं आणि दोन एकरांतलं उभं होतं. ढेकूळ काका, हे तुमच्या बाजूचं आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

तरी तिसरा एकर सेंद्रियात घालणार नाही. अडतीत वेगळा ढीग लागेपर्यंत आणि शेणाला गोणीइतका आधार मिळेपर्यंत मी घरच्यांच्या तोंडचा घास त्यात घालणार नाही. दोन एकरही मोडणार नाही. पाच एकरांत यंदा डीएपी खत निम्मं करतोय, बियाण्याला दहा किलोमागे पाव किलो रायझोबियम चोळणार. आणि भुसकट या वर्षीपासून जाळायचं नाही, हा शब्द देतो.


पऱ्हाटी, यवतमाळ

दादा, तुमच्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बारीक करायचं ट्रॅक्टरवरचं यंत्र भाड्याने मिळतं का? आमच्याकडे सगळे चुलीसाठी बांधावर रचून ठेवतात आणि बोंडअळीचे कोष त्यातच झोपतात. बारीक करून रानात पसरल्या तर अळीही जाईल आणि ढेकूळ काकांचं ते दूधही होईल. गावात आम्ही सात घरं तयार आहोत.


गोदाकाठ, परभणी

मिळतं ताई. आमच्या गावातल्या गटाकडे एक आहे. गेल्या साली तासाला बाराशे घेत होते, एकराला साधारण दीड तास लागतो. सात घरांची मिळून वीस-पंचवीस एकर कपाशी असेल तर ते तिकडे यायला तयार होतील. डिझेलचं आणि मुक्कामाचं विचारून उद्या रात्री इथेच लिहितो. पऱ्हाट्या उपटून ढीग मारू नका, उभ्याच ठेवा. उभ्या असल्या की यंत्र चांगलं चालतं.