शब्दचर्चा: अल देन्ते म्हणजे कच्चं का? आणि स्पगेटी 'ती' की 'ते'?

मागच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन घराजवळच्या एका इटालियन रेस्टॉरंटमधे गेले होते. जेवण बरं होतं, पण मेनूकार्डाने जो काही घोळ घातला त्यावर धागा काढल्याशिवाय राहवेना.

तर झालं असं की बाबांना पास्ता नको होता, त्यांनी कार्डावर 'अँटिपास्तो' वाचलं आणि खुश होऊन म्हणाले, बघ, पास्ता न खाणाऱ्यांची पण सोय केलीय. मीही मान डोलावली कारण मलाही तो पास्त्याच्या विरुद्धार्थी शब्द वाटायचा (हसू नका). आलं काय, तर एका बशीत ऑलिव्ह, चीजचे दोनचार तुकडे आणि तेलात मुरवलेल्या भाज्या. बाबांनी ते पाच मिनिटात संपवलं आणि मग "आता माझं जेवण कधी येणार" म्हणून आमच्या ताटांकडे बघत बसले. आईने स्पगेटी मागवली होती. पहिला घास घेतला आणि म्हणाली, अगं यात कणी आहे, शिजलंच नाहीये. वेटर म्हणाला, मॅडम ते अल देन्ते आहे. आई म्हणाली, ते काहीही असू दे, शिजवून आणा. त्याने आत नेलं आणि परत आणलं तो पार लगदा.

घरी येताना गाडीत वाद वेगळाच. मी म्हटलं "ती स्पगेटी", धाकटा भाऊ म्हणाला "ते स्पगेटी", बाबा म्हणाले तो पास्ताच आहे ना मग "तो". तर जाणकारांनी सांगा, अल देन्तेला मराठीत काही नीट शब्द आहे का, अँटिपास्तो म्हणजे नक्की काय, आणि या पदार्थांचं लिंग कोण ठरवतं?

-----

अँटिपास्तोचं सोपं आहे. यातला 'अँटी' विरोधातला नाहीच, लॅटिन 'आंते' म्हणजे 'आधी', त्याचं ते रूप. आणि 'पास्तो' म्हणजे जेवण. जेवणाआधीचं ते अंतिपास्तो. पास्तो आणि पास्ता यांचा एकमेकांशी संबंध नाही, पास्ता म्हणजे मळलेली कणीक, तो शब्द ग्रीकमधून आलाय. इटलीत तर कॉफीच्या दुकानात 'पास्ता' मागितलात तर केक-पेस्ट्री टाइप गोड काहीतरी पुढे येतं. बाबांना सांगा, गैरसमज अगदी तर्कशुद्ध होता :)

-----

> अल देन्तेला मराठीत काही नीट शब्द आहे का

आईंनी वापरलाय की! कणी. यापेक्षा अचूक शब्द सापडणार नाही. पास्ता मधोमध तोडून बघा, आत पांढरा बारीक ठिपका दिसतो, तीच कणी. गंमत म्हणजे इटालियन लोक त्या ठिपक्याला 'आनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा. वस्तू एकच, पण आपल्याकडे कणी राहिली की स्वैपाक बिघडला आणि त्यांच्याकडे आत्मा गेला की बिघडला. म्हणून शब्दाला शब्द दिला तरी भाषांतर होत नाही, कारण कणी हा तक्रारीचा शब्द आहे आणि अल देन्ते कौतुकाचा. मेनूवर "कणीदार स्पगेटी" लिहिलं तर कोण मागवेल?

शब्दशः अर्थ 'दाताला'. देन्ते आणि आपला दंत/दात हे एकाच कुळातले, त्यामुळे "दाताला लागेल असा" म्हटलं की मूळाच्या अगदी जवळ जातं.

आणि एक, हे फक्त सुक्या पास्त्याला लागू. ड्युरम गव्हाच्या रव्याचा, वाळवलेला. अंडं घालून केलेला ताजा पास्ता दोनतीन मिनिटात होतो आणि मऊच असतो, त्यात कणी राहिली तर ती खरंच कणी, खुशाल परत पाठवा.

-----

मी हौशी कुक आहे म्हणून थोडं स्वैपाकघरातलं सांगतो. पास्ता पाण्यातून काढतात तेव्हा तो मुद्दाम अर्धवट असतो कारण पुढचं शिजणं सॉसमधे व्हायचं असतं, शेवटची एकदोन मिनिटं पास्त्याचं पिठूळ पाणी घालून कढईत परततात मग सॉस त्याला धरतो. ज्या ठिकाणी पास्ता आधीच पूर्ण उकडून ठेवतात आणि वरून सॉस ओततात तिथे एकतर लगदा मिळतो नाहीतर पास्ता एकीकडे आणि सॉस एकीकडे. तुमच्या वेटरने आत जाऊन बहुतेक तीच प्लेट पुन्हा उकळवली. ती परत शिजवून सुधारत नाही, त्यांनी नवीन टाकायला हवा होता.

भाताचाही असाच शब्द आहे त्यांच्याकडे, रिसोत्तो कसा हवा तर 'आल्लोंदा', म्हणजे लाटेसारखा. ताटली तिरकी केली की लाटेसारखा सरकला पाहिजे. जो गोळा होऊन ढिम्म बसतो तो फसलेला. अवांतर: 'रीसो' म्हणजे तांदूळ आणि 'रीसो' म्हणजेच हसू. दोन्ही एकाच स्पेलिंगने.

-----

लिंगाबद्दल मी लिहिते, हा माझा आवडता विषय आहे, लांबण लागेल.

मराठी कान शब्दाचा शेवट बघतो. शेवटी 'आ' आला की पुरुष (घोडा, डबा), 'ई' आली की बाई (घोडी, डबी). त्यामुळे तो पिझ्झा, तो पास्ता. आणि ती स्पगेटी, ती राव्हिओली. आपण हे कुणाला विचारून ठरवत नाही, आपोआप होतं. आणि सामान्यरूप पण चालवतो, पिझ्झ्यावर, पास्त्यात. इतकं झालं म्हणजे शब्द घरचाच झाला.

आता इटालियनमधे बघा. तिथे शेवटचा 'आ' स्त्रीलिंगी, म्हणजे पिझ्झा आणि पास्ता दोघी बायका. आणि शेवटची 'ई' ही बहुतेक पुल्लिंगी अनेकवचनाची. स्पागो म्हणजे दोरी, स्पागेत्तो म्हणजे बारीक दोरी, आणि स्पागेत्ती म्हणजे "ते दोरे", पुष्कळ. म्हणजे मराठीत येताना त्यांच्या बायकांचे पुरुष झाले आणि पुरुषांच्या घोळक्याची एक बाई झाली!! धाकट्या भावाने "ते स्पगेटी" म्हटलं तेव्हा त्याच्या मनात नपुंसकलिंगी एकवचन असणार, पण पुल्लिंगी अनेकवचन म्हणून घेतलं तर तो एकटाच मूळ इटालियनच्या बाजूने होता. त्याला फार सांगू नका, डोक्यावर बसेल.

पानीनीचंही (इटालियन सँडविच) तेच. एक असेल तर पानीनो, दोन असतील तर पानीनी. आपण "एक पानीनी" म्हणतो आणि पुढे जाऊन "दोन पानिन्या". मला विचाराल तर बरोबर आहे. आपल्या जेवणाच्या टेबलावर शब्द आला की त्याने आपलं व्याकरण पाळावं. इंग्रजीवालेही 'पानीनीज' म्हणतातच. बिस्कोत्ती पण अनेकवचनच आहे, एक बिस्कोत्तो, अर्थ दोनदा भाजलेलं.

-----

> आपल्या टेबलावर शब्द आला की त्याने आपलं व्याकरण पाळावं

व्याकरणापुरतं कबूल. पण अर्थाचं काय? व्याकरण चुकलं तर पोट बिघडत नाही, अर्थ चुकला तर नको ते ताटात येतं. माझेच अनुभव:

इटलीत कामासाठी गेलो होतो, सकाळी लाते मागितलं. ग्लासभर दूध आलं. साधं दूध. लात्ते म्हणजे दूधच, कॉफी हवी तर कॅफे लात्ते म्हणावं लागतं. माकियातो म्हणजे डाग पडलेलं, एस्प्रेसोवर दुधाचा डाग.

पेपेरोनी पिझ्झा मागितला तर ढोबळी मिरची! तिकडे पेपेरोनी म्हणजे त्याच मिरच्या, मसालेदार सॉसेजचा अर्थ अमेरिकेतल्या इटालियन लोकांनी दिलाय. शाकाहारी असल्याने मी सुटलो, पण सोबतचा चांगलाच वैतागला.

मारिनारा पिझ्झा, अर्थ दर्यावर्दी लोकांचा. आमच्यातल्या एकाला वाटलं मासे असणार. मासे नाहीत, चीजपण नाही, टोमॅटो लसूण ओरेगानो आणि तेल, संपलं. नापोलीच्या (म्हणजे नेपल्सच्या) पिझ्झ्याला २०१० मधे युरोपियन युनियनने पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदवलं त्यात मार्गेरिता आणि मारिनारा या दोनच आहेत, आणि चीज नाही म्हणून मारिनाराला कुणी कमी लेखत नाही. पण आमचा मित्र लेखत होता.

सगळ्यात भारी 'अल फ्रेस्को'. इंग्रजी मेनूत त्याचा अर्थ बाहेर उघड्यावर बसून जेवणं. इटालियनमधे बोलीत 'आल फ्रेस्को' म्हणजे तुरुंगात, आपण 'आत आहे' म्हणतो ना तसं. बाहेर बसायचं तर आल्लापेर्तो.

-----

हाहाहा, "टेबल मिळेल का, तुरुंगात"

-----

बाबांच्या उपाशी राहण्यावर थोडं, कारण तो फक्त एका शब्दाचा दोष नाही. तिकडे पूर्ण जेवण असं चालतं: अंतिपास्तो, मग 'प्रिमो' म्हणजे पहिला (पास्ता, रिसोत्तो, सूप), मग 'सेकोन्दो' म्हणजे दुसरा (मासे, मांस), आणि शेवटी 'दोल्चे', गोड. सेकोन्दो बहुतेक वेळा एकटाच येतो. त्याच्यासोबतची भाजी किंवा बटाटे वेगळे मागवायचे, त्याला 'कोन्तोर्नो' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ कडेची रेघ, किनार. मराठीत मी डोळे झाकून 'तोंडीलावणं' म्हणेन, इतका चपखल शब्द आपल्याकडे असताना 'साइड डिश' कशाला. अंतिपास्तोला मात्र तितकं चांगलं काही सुचत नाहीये.

आणि इटलीतल्या बिलात 'कोपेर्तो' दिसला तर भांडू नका, मी भांडले होते. शब्दशः 'झाकलेला', माणशी बसण्याचे, टेबलक्लॉथ-काट्याचमच्याचे पैसे. टिप नव्हे.

-----

उच्चारांवर कुणीच आलं नाही म्हणून मी. भाजलेल्या पावावर टोमॅटो वगैरे घालून देतात तो ब्रुशेटा नाही, ब्रुस्केत्ता. इटालियनमधे सी-एच म्हणजे क. मार्गेरितात 'जी' नंतर एच आहे तो ग कडक ठेवायला, नाहीतर मार्जेरिता झाली असती. आणि जी-एन म्हणजे आपला ञ, वर्णमालेत बिनकामाचा बसून राहिलेला. 'ञोक्की' (बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे) लिहा, त्याला रोजगार मिळेल.

पिझ्झ्याचा मूळ उच्चार पित्सा, आणि हा 'त्स' म्हणजे आपल्या 'चाक', 'चोर' मधला च. कितीतरी भाषांतल्या लोकांना हा मुद्दाम शिकावा लागतो, मराठी माणसाच्या तोंडात तो आयता आहे आणि आपण मात्र झ्झ झ्झ करत बसलोय.

पेन्ने (नळीसारखा पास्ता) म्हणताना दोन्ही न म्हणा. एकाच न चा जो शब्द आहे तो वेटरला सांगण्यासारखा नाही. इथे लिहिण्यासारखाही नाही.

-----

> जेवणाच्या टेबलावर

पास्त्याच्या नावांचे अर्थ कळले की माझी भूक मरते, सांगून ठेवते. लिंग्विने म्हणजे जिभल्या, ओरेक्किएत्ते म्हणजे इवलेसे कान, वर्मिचेल्ली म्हणजे बारीक किडे. एक स्त्रोत्साप्रेती आहे, अर्थ पाद्र्यांचा गळा आवळणारे. त्यातल्या त्यात फार्फाल्ले बरे, फुलपाखरं.

चाबात्ता हा लांबट चपटा पाव. चाबात्ता म्हणजे घरात घालायची सपाट चप्पल. आपला 'सपाता' शब्द पोर्तुगीज 'सापातो' वरून आलाय आणि सापातो व चाबात्ता हे भाऊभाऊ. पाव पण पोर्तुगीजांकडूनच आला आणि त्याचं लॅटिन मूळ तेच जे पानीनोमधल्या 'पाने'चं. म्हणजे चाबात्ता पानीनो = सपातापाव. आणि मला हा पाव शेकडो वर्षांचा वाटायचा, तर १९८२ साली आद्रिया गावात अर्नाल्दो काव्हाल्लारी यांनी काढला.

त्या पावाने ताटलीतला उरलेला सॉस पुसून खाणं म्हणजे 'स्कार्पेत्ता', छोटा बूट. पुन्हा पादत्राणच! आपण म्हणू ताट निपटणं. घरी सगळे करतात, चारचौघात करावं की नाही यावर त्यांच्यातही एकमत नाही.

-----

धागाकर्ती. वाचून खूपच मजा आली, सगळ्यांना धन्यवाद. आईला काल फोनवर कणी आणि आनिमाचं सगळं सांगितलं, म्हटलं इटालियन लोक त्याला आत्मा म्हणतात. ती म्हणाली, "म्हणूनच दाढेत अडकला होता." बाबांनी कोन्तोर्नो = तोंडीलावणं लिहून घेतलंय, पुढच्या वेळी वेटरला मराठीतच सांगणार म्हणतात. भावाला मी काहीही सांगितलेलं नाही.

लझानियाबद्दल मात्र कुणी बोललंच नाही. तो राहिलाच. की राहिलीच?