केमिस्ट्रीत बीए करून अमेरिकेत मेडिकलला जाता येतं का?

मिरजेची_माई:
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. लेक बारावीला आहे. १ मेपर्यंत कॉलेजची अनामत भरायची आहे. कॉलेज ठरल्यात जमा आहे, पण तिथे केमिस्ट्री बीए म्हणूनही करता येते आणि बीएस (म्हणजे आपली बीएस्सी) म्हणूनही. तिला पुढे मेडिकलला जायचंय आणि ती म्हणते, बीए घेते.

मी मिरजेत बीएस्सी केलं. माझ्यासाठी बीए म्हणजे मराठी, इतिहास, अर्थशास्त्र. तिच्या आजोबांना फोनवर सांगितलं तर ते क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे पोर सायन्स सोडतेय का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

दोन्ही याद्या समोर घेऊन बसले. बीएसला फिजिकल केमिस्ट्रीची दोन सत्रं, वरचं कॅल्क्युलस, जास्तीच्या लॅब आणि शेवटच्या वर्षी संशोधन. बीएला त्यातलं निम्मंच, वर परदेशी भाषा. मेडिकल कॉलेजं बीएला कमी लेखतात का?

डेट्रॉइटचे_काका:
माझ्या मुलाने बायोकेमिस्ट्रीत बीएस केलं. त्यालाही डॉक्टरच व्हायचं होतं, पण तिसऱ्या वर्षी संशोधनात रमला आणि आता पीएचडी करतोय. तेव्हा बीएसच्या लॅब कामी आल्या. अठराव्या वर्षी ठरवलेलं एकविसाव्या वर्षी तसंच राहील असं नाही. मी बीएसच म्हणेन.

वैदेही_ओहायो:
माई, मी केमिस्ट्रीत बीए केलंय आणि सध्या इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीत, म्हणजे डॉक्टर झाल्यानंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणात, तिसऱ्या वर्षाला आहे. एकाही मुलाखतीत मला "बीए का?" असं विचारलं नाही. आजोबांना सांगा, हार्वर्ड आणि प्रिन्स्टनमध्ये बायोलॉजी शिकणाऱ्यांनाही बीएच मिळते, फक्त अक्षरं उलटी, एबी अशी लिहितात.

मेडिकल कॉलेजं कोर्स बघतात: बायोलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, हे सगळं लॅबसकट, शिवाय बायोकेमिस्ट्री. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी आणि स्टॅटिस्टिक्सही मागतात. एक लक्षात ठेवा, केमिस्ट्री घेतली की बायोलॉजी आपोआप येत नाही, बीए असो की बीएस. ती वेगळी घ्यावी लागते.

खरा फरक मार्कांत पडतो. एएमकॅस या मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढतात. बीएसचा जवळजवळ प्रत्येक जादा कोर्स त्यात जाऊन बसतो. माझी रूममेट बीएसला होती, माझ्याहून हुशार. तिसऱ्या वर्षी फिजिकल केमिस्ट्री, एक मोठी लॅब आणि एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेची तयारी एकाच सत्रात आली. दोन विषयांत सी ग्रेड पडली. तिला एक वर्ष थांबून अर्ज करावा लागला. ती आज डॉक्टर आहे, पण ते वर्ष तिने कसं काढलं ते मी शेजारच्या पलंगावरून पाहिलंय.

मी त्या सत्रात स्पॅनिश आणि सोशॉलॉजी घेतली. एमकॅटमध्ये २०१५पासून मानसशास्त्र-समाजशास्त्राचा विभाग आहे, त्यालाही बाकी तिघांइतकेच, १३२ पर्यंत गुण. बुधवारची दुपार मोकळी असायची, तेव्हा हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रात, जायचे. एका आजींना दर वेळी त्याच पानावरची हवामानाची बातमी वाचून दाखवावी लागे, नंतर त्या माझा हात धरून बसत. मुलाखतीत सगळ्यात जास्त बोलणं त्या बुधवारांवरच झालं. आणि स्पॅनिशचं म्हणाल तर आज वॉर्डात दुभाषी फोनवर येईपर्यंत घाबरलेल्या पेशंटला दोन धीराचे शब्द बोलता येतात.

काकांचं म्हणणंही खरं आहे. लेकीला लॅबमध्ये चार तास उभं राहून घड्याळ आठवत नसेल, तर बीएसच घेऊ दे. पण केवळ नाव भारदस्त वाटतं म्हणून नको.

ऑस्टिनचा_मिहीर:
माई, लेक एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर आधारलेल्या व्हिसावर, आहे का? तसं असेल तर बीए-बीएसच्या आधी तोच प्रश्न. एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो आणि ग्रीन कार्ड नसलेल्यांना बरीच मेडिकल कॉलेजं घेत नाहीत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं तर स्टेम ओपीटीची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीनंतर इथे काम करण्याच्या परवानगीची, जादा २४ महिन्यांची मुदत अभ्यासक्रमाच्या सरकारी कोडवर ठरते, बीए की बीएस यावर नाही. तो कोड कॉलेजला विचारून घ्या.

मिरजेची_माई:
ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं, मिहीर, तेवढा घोर मिटला. वैदेही, तुझं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, बीएने सुरुवात करून दुसऱ्या वर्षी बीएसला जाता येईल का?

वैदेही_ओहायो:
बहुतेक ठिकाणी येतं, पहिल्या वर्षाचे कोर्स साधारण सारखेच असतात. फक्त तिला सांगा, कॅल्क्युलस पहिल्याच वर्षी उरकून घे. तिथे मागे पडली तर फिजिकल केमिस्ट्रीला बसू देत नाहीत, आणि मग मनात असूनही बीएसला जाता येत नाही.